अँथनी गोन्साल्विस खरोखर होते! एका शिष्यानं घेतलेल्या नावाची गोष्ट

आज १८ जानेवारी. २०१२ साली याच दिवशी गोव्यात अँथनी गोन्साल्विस वारले. वय वर्षं ८४.

नाव वाचल्यावर तुमच्यापैकी निम्म्या लोकांना अमिताभ बच्चन आठवला असणार. भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येणारा, डोक्यावर उंच टोपी, हातात छत्री. 'अमर अकबर अँथनी', साल १९७७. आपल्या मावळात लग्नाची वरात असो, गणपती असो की कॉलेजचं गॅदरिंग, हे गाणं वाजलं नाही असं एकही वर्ष गेलं नसेल. आमच्या इंदुरीत बँड वळणावर आला की पोरं हमखास याच गाण्याची फर्माईश करायची.

पण त्या नावाचा हाडामांसाचा माणूस होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. तो व्हायोलिन वाजवायचा, मुलांना शिकवायचा, वाद्यवृंद बसवायचा आणि त्याच्यापुढे उभं राहून तो चालवायचा. ते नाव गाण्यात आलं ते त्याच्या एका शिष्यामुळे. आजची पोस्ट त्या दोघांबद्दल आहे. थोडी लांब आहे, सवडीनं वाचा. शेवटी आपल्या गावाशी संबंध आहे.

आधी गुरू.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या माजोर्डा गावचा. वडील गावच्या चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि चर्चला जोडून गावोगावी संगीताच्या शाळा चालायच्या. तिथं पोराला व्हायोलिन तर शिकवतच, पण त्याही आधी एक गोष्ट घोटून घेत : पाच रेघांवर लिहिलेले स्वर वाचणं. आपल्याकडे शाळेत बाराखडी गिरवतात तशी. त्यामुळे झालं काय, की घरची गरिबी असलेलं पोरही समोर कागद ठेवला की कधी न ऐकलेली चाल त्यावरून वाजवून दाखवायचं.

हीच विद्या पुढे मुंबईत पोटाला उपयोगी पडली. १९४३ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, गोन्साल्विस मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागले.

इथं थोडं थांबून, त्या वेळी गाणं कसं तयार व्हायचं ते सांगतो. त्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही.

संगीतकार चाल बांधायचा. बहुतेक संगीतकार पेटीवर बसून चाल सांगणारे, गुरूच्या तोंडून शिकलेले. स्वरलिपी लिहिण्यावाचण्याची सवय त्यांच्यातल्या अनेकांना नव्हती. पण स्टुडिओत तर पन्नास-साठ वादक बसलेले. वीस व्हायोलिनवाल्यांनी नेमकं काय वाजवायचं, बासरी कुठं शिरायची, ट्रम्पेट कुठं गप्प बसायचं, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय भरायचं, हे सगळं कुणीतरी कागदावर उतरवायला लागायचं. तो कागद लिहिणारा माणूस म्हणजे अ‍ॅरेंजर. पुष्कळदा रेकॉर्डिंगच्या वेळी हातात काठी घेऊन वादकांपुढे उभा राहणाराही तोच. म्हणजे कंडक्टर. वाद्यवृंदाचा चालक म्हणा.

आणि तेव्हा आजच्यासारखी सोय नव्हती. आज गायक एका दिवशी गातो, बासरीवाला दुसऱ्या दिवशी येऊन वाजवून जातो आणि कॉम्प्युटरवर जुळवाजुळव होते. तेव्हा गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच खोलीत. साठातला एक जण चुकला की पहिल्यापासून पुन्हा. त्यामुळे पुढं उभ्या असलेल्या माणसाचा कान आणि हात किती पक्का असावा लागत असेल, तुम्हीच विचार करा.

हे काम बहुतांशी गोव्याच्या वादकांनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या गाण्यांत पाश्चात्य बाजाची जी मजा आहे, तिच्यामागे चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवाला होता. खरं नाव अँटोनियो वाझ. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. अशी नावं बरीच आहेत. पाटीवर मात्र ती नसायची. रेकॉर्डवर चित्रपटाचं नाव, संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव. संपलं.

बरं, गायकाचं नाव तरी कुठं सहज आलं? १९४९ चा 'महल' आठवा. 'आयेगा आनेवाला' लता मंगेशकरांनी गायलं, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालानं केलेलं पात्र! म्हणजे गळा लताबाईंचा आणि नाव गोष्टीतल्या बाईचं. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाते कोण? तेव्हा कुठं खरं नाव बाहेर आलं. पार्श्वगायनाला फिल्मफेअरचा पुरस्कार सुरू झाला तोही १९५९ साली. म्हणजे लताबाईंसारख्या आवाजालासुद्धा नावासाठी झगडावं लागलं, तर मागच्या रांगेत व्हायोलिन घेऊन बसलेल्याला कोण विचारणार?

तर असे हे गोन्साल्विस. स्टुडिओत काम करत होतेच, पण त्यांच्या डोक्यात एक वेगळंच वेड होतं. रोज रेकॉर्डिंगला हिंदुस्थानी संगीतातले कसलेले वादक शेजारी बसायचे. त्यांचे राग, त्यांच्या मींडा ऐकून या माणसाला वाटायचं की हे राग मोठ्या वाद्यवृंदावर आणता येतील. बोलायला सोपं आहे, करायला महाकठीण. आपला राग एकाच स्वरओळीनं पुढं जातो. पाश्चात्य वाद्यवृंदात एकाच वेळी चार-पाच स्वरओळी चालू असतात आणि त्या एकमेकींना धरून राहाव्या लागतात. शिवाय मींड कागदावर कशी लिहायची? दोन स्वरांच्या मधला तो घसरता प्रवास पाच रेघांत मावत नाही.

तरीही त्यांनी ते केलं. सारंग रागावर कॉन्चेर्तो लिहिला, तोडी थाटात व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी रचना केली. आणि एप्रिल १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात स्वतः उभा केलेला वाद्यवृंद लोकांपुढे आणला. वादक किती? ११०. गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे.

११० वादक! आज आपल्याकडे ढोल पथकात शंभर जण उभे राहतात तेव्हा आपण फोटो काढतो. इथं शंभराहून जास्त माणसं, प्रत्येकाच्या पुढं वेगळा कागद, आणि सगळ्यांची नजर एका माणसाच्या हाताकडे. मागं ना सरकार, ना कुठली कंपनी, ना कोणी संस्थानिक. फिल्मी वाद्यवृंदात रोजावर वाजवणारा एक माणूस हे करायला निघाला होता.

ते फार काळ टिकलं नाही. अशा गोष्टी एका माणसाच्या खिशावर टिकत नाहीत. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्युज विद्यापीठात गेले. काही वर्षांनी परत आले ते मुंबईच्या स्टुडिओत फिरकलेच नाहीत. आपल्या माजोर्ड्याला जाऊन राहिले आणि शेवटपर्यंत तिथंच शांत जगले.

आता शिष्य.

प्यारेलाल शर्मा. जन्म ३ सप्टेंबर १९४०. वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे, त्यांच्याकडेही शिकलेले पुष्कळ. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याच्या हाती व्हायोलिन आलं. शिकवायला कोण? अँथनी गोन्साल्विस. वांद्र्याला त्यांच्या घरी शिकवणी चालायची. राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकले.

घरची परिस्थिती अशी की बाराव्या वर्षापासून हे पोर स्टुडिओत वाजवून घराला हातभार लावत होतं. आपली पोरं सहावी-सातवीत असतात त्या वयात. मंगेशकर कुटुंबाच्या सुरेल कला केंद्रात त्याला आणखी एक पोर भेटलं. मेंडोलिन वाजवणारं, वयानं थोडं मोठं आणि घरचं तितकंच गरीब. लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. आपला मराठी माणूस. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मला म्हणून नाव लक्ष्मीकांत. दोघांची गट्टी जमली. मधे एकदा प्यारेलाल यांच्या मनात सगळं सोडून व्हिएन्नाला जायचं होतं, तिथल्या वाद्यवृंदात वाजवायला. लक्ष्मीकांतनी थांबवलं. १९६३ मध्ये 'पारसमणी' आला आणि पुढची पस्तीस वर्षं काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या जोडीत वाद्यवृंदाची बाजू प्रामुख्यानं प्यारेलाल यांची. इतर संगीतकारांना अ‍ॅरेंजर लागायचा. इथं जोडीतलाच एक जण कागद लिहायचा आणि उभं राहून वादक चालवायचा. त्यांच्या गाण्यांतले व्हायोलिनचे ते भरगच्च ताफे आठवा. ती विद्या कुणाची? वांद्र्याच्या त्या घरातली.

आता १९७७. मनमोहन देसाई 'अमर अकबर अँथनी' करत होते. अँथनीचं आडनाव ठरलेलं होतं फर्नांडिस. गीतकार आनंद बक्षी. गाण्यात नायक स्वतःचं नाव सांगणार. पण 'फर्नांडिस' चालीत नीट बसेना. तेव्हा प्यारेलाल यांनी आपल्या मास्तरांचं नाव सुचवलं. गोन्साल्विस. ते बसलं. नुसतं बसलंच नाही, पात्राचं आडनावच बदललं. 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणं किशोरकुमार यांनी गायलं, मधली बडबड अमिताभची. त्या चित्रपटाच्या संगीताला फिल्मफेअर मिळालं.

तेव्हा प्यारेलाल होते छत्तीस वर्षांचे. म्हणजे ज्या वयात माणूस यशाच्या शिड्या चढत असतो आणि खाली बघायला सवड नसते, त्या वयात त्यांना आठ वर्षांचे असताना शिकवणारे मास्तर आठवले. मास्तरांना कुठला पुरस्कार देणं त्यांच्या हातात नव्हतं. पाटीवर नाव टाकायची रीत इंडस्ट्रीत नव्हती. मग त्यांनी नाव सरळ गाण्यातच घातलं. पाटी दोन मिनिटांत पडद्यावरून जाते. गाणं जात नाही.

हे मला फार मोठं वाटतं. गुरुदक्षिणा म्हणून हार, श्रीफळ, शाल सगळे देतात. इथं शिष्यानं गुरूचं नाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी दिलं.

पण एक प्रश्नही पडतो, तो लपवत नाही. नाव तोंडी आलं, पण माणूस? लोकांना वाटलं, गोन्साल्विस हे पटकथेतलं एक मजेशीर नाव आहे. गाणं गाजत होतं आणि ज्याचं ते नाव, तो कोण हे विचारायला कोणी जात नव्हतं. सारंग रागाचा कॉन्चेर्तो कोणी ऐकवला नाही, ११० वादकांची ती संध्याकाळ कोणी आठवली नाही. नाव घेण्याचं काम शिष्यानं केलं. नावामागचा माणूस शोधण्याचं काम बाकीच्यांचं होतं, आणि ते व्हायला पुढं पंचवीस-तीस वर्षं लागली. ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकानं मुंबईच्या फिल्मी वादकांना भेटून, बोलून त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, ते २००८ साली आलं. मुंबईचे पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी गोन्साल्विस यांच्यावर लिहिलं. आणि आपले मराठी चित्रपट समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला.

२०१२ च्या त्याच हिवाळ्यात आणखी एक माणूस गेला. १८ जानेवारीला गोन्साल्विस गेले आणि १ फेब्रुवारीला अनिल मोहिले. लताबाईंच्या परदेशातल्या मैफलींत वाद्यवृंद सांभाळणारे. असंख्य मराठी गाण्यांचे अ‍ॅरेंजर. अरुण पौडवाल यांच्याबरोबर अनिल-अरुण या नावानं ज्यांनी १९७९ च्या 'अष्टविनायक'ला संगीत दिलं, तेच. त्यांची गाणी आपण दर गणपतीत वाजवतो. नाव किती जणांना सांगता येईल?

त्याच वर्षी कॉपीराइटचा कायदा बदलला आणि चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. चांगलं झालं. पण कागद लिहिणारी आणि मागच्या रांगेत वाजवणारी ती पिढी तोवर संपत आली होती.

आता आपल्या गावाकडे येतो.

कोणी म्हणेल, गोव्याचा माणूस, मुंबईची फिल्म लाइन, याचा इंदुरीशी काय संबंध? आहे. इंदुरीतून चाकण रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर सुदुंबरे. तिथं कोणाची समाधी आहे, हे इकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. संताजी महाराज जगनाडे. चाकणचे, तेलाचा व्यवसाय करणारे. तुकोबारायांच्या कीर्तनात मागं टाळ घेऊन उभे राहायचे आणि त्यांचे अभंग लिहून ठेवायचे. कडूसचे गंगाराम मवाळ हेही तसेच. असे तुकोबांचे चौदा टाळकरी, आणि वारकरी परंपरेनं त्या चौदांची नावं जपली. साडेतीनशे वर्षं! कीर्तन तुकोबांचं, अभंग तुकोबांचे. पण मागं टाळ धरणाऱ्याचं नावही लोकांनी विसरू दिलं नाही. संताजी महाराजांच्या नावानं २००९ साली टपाल तिकीट निघालं.

म्हणजे साथीदाराचं नाव घेणं ही आपल्याच मातीतली रीत आहे. भंडाऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना ती कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. मग ती आपण सोडली कुठं?

आमच्याकडे कार्यक्रमांच्या बातम्या येतात. जत्रा, वर्धापनदिन, गणेशोत्सव, हळदीकुंकू. प्रेसनोटमध्ये उद्घाटक, प्रमुख पाहुणे, त्यांचे हस्ते, यांचे शुभहस्ते, उपस्थित मान्यवर पंधरा, आभार कोणी मानले, सूत्रसंचालन कोणी केलं, सगळं असतं. ऑर्केस्ट्रा झाला असेल तर एक ओळ : 'बहारदार गीतांनी रसिकांना मंत्रमुग्ध केले.' कोणी केले? पेटी कोणाची? ऑक्टोपॅडवर कोण होतं? तीन तास ज्यानं सगळ्यांना एका तालात ठेवलं तो कोण? ते फोन करून विचारावं लागतं, आणि पुष्कळदा आयोजकांनाही माहीत नसतं. ठरवलेला असतो ग्रुप, त्यात माणसं असतात हे लक्षात नसतं.

फ्लेक्सवर तर बोलायलाच नको. चाळीस चेहरे. त्यात त्या रात्री वाजवणारा एकही नाही.

आणि हे सगळं अशा वेळी, जेव्हा डीजेच्या भिंतींनी आधीच यांचं पोट मारलंय. ब्रास बँडमधली म्हातारी माणसं, क्लॅरिनेट आणि युफोनियम वाजवणारी, ज्यांनी एकेका सिनेमाची गाणी नुसती ऐकून बसवली, ती एकेक करून जात आहेत. त्यांचे कपडे इस्त्रीचे, टोप्या सोनेरी कडेच्या, आणि वाजवता वाजवता अर्धी रात्र उभं राहणं. त्यांच्यातला जो मास्तर असायचा, तो नुसता भुवई उडवून वीस जणांना थांबवायचा. तो कोणत्या शाळेत शिकला होता? त्यानं कुणाला शिकवलं? लिहून ठेवलंय का कोणी?

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पैसा लागत नाही.

एक. पुढं यात्रा-जत्रांचा हंगाम आहे. ऑर्केस्ट्रा, भजन, भारूड, बँड, जे काही ठेवाल, त्याच्या फ्लेक्सवर वादकांची नावं टाका. शेवटी बारीक अक्षरात टाकली तरी चालतील, पण टाका. कार्यक्रम सुरू होताना माइकवरून प्रत्येकाचं नाव आणि गाव घ्या. मान्यवरांच्या सत्काराला अर्धा तास जातो, यांना दोन मिनिटं पुरतात.

दोन. तुमच्या गावातल्या जुन्या बँडमास्तरांकडे, पखवाजवादकांकडे, ऑर्केस्ट्रा चालवलेल्यांकडे जा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. कुठं शिकले, कोणाबरोबर वाजवलं, पहिली बिदागी किती. एक तास काढा. हयात नसतील तर त्यांच्या शिष्यांकडे जा.

तीन. ही गोष्ट शिकणाऱ्या पोरापोरींसाठी. तुम्ही आज कीबोर्डवर, तबल्यावर, ढोलावर चार टाळ्या घेता. रील टाकता, हजार लाइक येतात. त्या रीलखाली शिकवणाऱ्याचं नाव लिहा. प्यारेलालजींना २०२४ साली पद्मभूषण जाहीर झालं. एवढा मोठा झालेला माणूस मुलाखतीत आजही अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घेतो. आपल्याला एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी वरातीत ते गाणं लागलं तर नाचा, जरूर नाचा. नाचण्यासाठीच ते केलंय. फक्त शेजारच्याला सांगा, की हा अँथनी गोन्साल्विस खरा होता, माजोर्ड्याचा होता, आणि त्यानं एकदा ११० वादकांपुढे उभं राहून राग सारंग वाजवून घेतला होता.

आणि खाली तुमच्या गावातल्या एका वादकाचं नाव लिहून जा. नाव, वाद्य, गाव, आणि शक्य असेल तर त्याच्या गुरूचं नाव. हयात असो वा नसो. मी ती सगळी नावं एकत्र करून ठेवणार आहे.